एकेचाळीस दिवस आधीचं लग्न

लीयुआन,
दहाव्या महिन्यातली पंचमी, १९४७

भावजी,

जिवंत आहात ना? मग पत्र लिहायला काय हात मोडलेत?

सुया-दोरे विकणारा म्हातारा शाओ जीनानला तुमच्या रंगाऱ्याच्या दुकानात डोकावला, तेव्हा आम्हाला कळलं की सरकारी फौजेनं गल्लीतली तरणी पोरं उचलली आणि त्यात तुम्हीही गेलात. आई तीन दिवस जेवल्या नाहीत. शेवटी मी म्हटलं, आई, ज्याला साधी कोंबडी धरता येत नाही, त्याच्या हातात बंदूक कोण ठेवणार? हाकलून देतील आठ दिवसांत. तेव्हा कुठं दोन घास पोटात गेले. आठ दिवसांचे आता तीन महिने झाले.

हे पत्र शाओच घेऊन येतोय. चौकी तिकडच्या सरकारी फौजेची असो की इकडच्या लाल फौजेची, तो शिपायांना सुया वाटतो आणि पुढं सरकतो. पत्रं मात्र दोन्हीकडं फोडून वाचतात. तेव्हा फौजेबद्दल अवाक्षर लिहू नका.

आता मुद्द्याचं. सुयुनच्या वडिलांचा निरोप आलाय. तुमची सोयरीक ठरून चार वर्षं झाली, मुलगी एकोणीस पुरी झाली. त्यांच्या गावावरून सारख्या फौजा जातात, तरणी पोर घरात ठेवायची भीती वाटते म्हणाले. न्या एकदाची. इकडं आईंचा खोकला वाढलाय, त्यांना धाकटी सून डोळ्यांनी बघायची आहे. म्हणून आम्ही ठरवलं, लग्न करायचं. नवरा हजर नसला की त्याच्या जागी कोंबडा उभा करतात, ते काही आपल्याला नवीन नाही. तुमच्या मामेबहिणीचं नाही का झालं, तिचा नवरा उत्तरेला खाणीत होता तेव्हा? तुमच्या नावाचा कोंबडा मी स्वतः निवडलाय. दिसायला बरा आहे आणि उगाच छाती काढून चालतो, म्हणजे थेट तुम्हीच.

मुहूर्त बाराव्या महिन्यातल्या अष्टमीचा, भर दुपारचा. त्या वेळी असाल तिथं घराकडं तोंड करून तीनदा वाका. एवढंच काम आहे तुम्हाला, तेवढं तरी नीट करा. आणि दोन्ही पावलं कागदावर ठेवून मापं काढून पाठवा, नवरीनं मागितलीत. बिचारीनं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, निदान पाय तरी बघू दे.

तुमचे दादा बरे आहेत. एकचाकी गाडीवर धान्य बाजाराला नेतात.

तुमची वहिनी,
रुइलान


जीनान,
९ डिसेंबर १९४७

वहिनी,

चेंगआनचा वाकून नमस्कार. आईला माझा नमस्कार सांग, आणि मी पोटभर जेवतो हेही सांग.

हात धड आहेत, धाडस होत नव्हतं. मला पकडून नेलं तेव्हा हातांची नीळही धुतलेली नव्हती. कवायतीत सगळे ‘ए निळ्या’ म्हणून हाक मारायचे. आता नीळ गेली, नाव राहिलं.

वहिनी, माझं लग्न काल झालं! तुझं पत्र सहा तारखेला हातात पडलं आणि माझी पाचावर धारण बसली. मुहूर्ताला उरले दोन दिवस! आमच्या कारकुनाला विचारून खात्री केली. तो म्हणाला, हो, परवाच बाराव्या महिन्याची आठ. काल जेवणाच्या सुट्टीत कोठाराच्या गच्चीवर गेलो, आपले डोंगर ज्या दिशेला आहेत तिकडं तोंड केलं आणि तीनदा वाकलो. पहिल्यांदा आभाळाला नि धरणीला, दुसऱ्यांदा आईला, तिसऱ्यांदा तिला. तिसऱ्यांदा वाकलो ते मला लवकर उठताच येईना. आमचा हवालदार मागून ओरडला, “काय रे, काही सांडलं का तुझं?” म्हटलं, नाही, लग्न करतोय. मला वाटलं, आता हा पार गच्चीभर हसणार. तो हसला नाही. त्यानं टोपी काढली आणि मी खाली उतरेपर्यंत तसाच उभा राहिला.

तिला सांग, मी परत येणार आहे. इतके दिवस मला मागं-पुढं कुणी नसल्यासारखं वाटत होतं, आज तसं वाटत नाही. मापं सोबत आहेत. डावा पाय जरा मोठा आहे, हसू नको म्हणावं.

तुझा,
चेंगआन


लीयुआन,
बाराव्या महिन्यातली दशमी, तेच साल

अहो शहाणे,

फौजेच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून कुणी मुहूर्त धरतं का हो? त्यांचा बारावा महिना वेगळा, आपला वेगळा, हे तुम्हाला आता या वयात शिकवायचं? अष्टमी परवा झाली, परवा! तुम्ही एकेचाळीस दिवस आधीच वाकून मोकळे झालात. बर्फामुळं शाओ अडकला आणि तुमचं पत्र काल मिळालं, नाहीतर परत वाकायला लावलं असतं. तुमचे दादा वाचता वाचता इतके हसले की चुलीत पडता पडता वाचले. आई मात्र हसल्या नाहीत. अशुभ तर नाही ना, म्हणून काळजीत पडल्या. मलाही मनातून चुकल्यासारखं झालं होतं. म्हटलं, नव्या नवरीला हे कसं सांगायचं? शेवटी सांगून टाकलं. ती म्हणाली, “म्हणजे त्यांनाच जास्त घाई होती.” झालं! आईंचा चेहरा खुलला.

लग्न छान झालं. कोंबड्याच्या गळ्यात लाल फीत बांधली होती, धरायला मीच होते. दोनदा शहाण्यासारखा वाकला. नवरा-नवरीनं एकमेकांना वाकायची वेळ आली, तेव्हा माझ्या हातातून निसटला आणि सोयरीक जमवणाऱ्या बाईंच्या डोक्यावर जाऊन बसला. नवरी लाल ओढणीखाली खुदकन हसली. मग कुणालाच आवरेना.

मुलगी कशी आहे ते सांगते, नाहीतर तुम्हाला झोप लागायची नाही. उंच आहे, अंगानं मजबूत, बोलते कमी. पहिल्याच दिवशी आईंच्या पाठीला तेल चोळून दिलं. मी तोंडानं फाटकी, ती गप्प, तेव्हा आमचं जमेल. जोडे सोबत पाठवलेत, मापं हाती पडताच तिनं रात्र जागून शिवले. डाव्या पायाचा मोठा केलाय, आणि हो, ती हसलीच.

रुइलान


जीनान,
३० ऑगस्ट १९४८

वहिनी,

घाईत लिहितोय. आम्हाला दक्षिणेला, शूचौच्या बाजूला हलवताहेत. सुयुननं केलेले जोडे अजून शाबूत आहेत, मी ते कवायतीला घालत नाही. फौजेचे बूट उन्हाळ्यातच फाटले, तरी नाही.

एक विचारायचं होतं, खरं सांग. दादा धान्य कुठल्या बाजाराला नेतो? शाओच्या तोंडून निसटलं काहीतरी, आणि मग तो सुया दाखवत बसला. दादा त्या बाजूच्या फौजेसाठी गाडी ढकलतो का? मी रागावणार नाही. फक्त मला माहीत असू दे.

चेंगआन


लीयुआन,
दहाव्या महिन्यातली द्वादशी, १९४८

भावजी,

हे पत्र तुम्हाला कधी मिळेल, मिळेल की नाही, मला माहीत नाही. जीनान पडलं, त्यानंतर शाओचा पत्ता नाही. हे तुमच्या दादांजवळ देतेय. उद्या गावातल्या चाळीस गाड्या दक्षिणेला निघतात. प्रत्येकीवर राळ्याची पोती, आणि माणसाच्या पाठीवर महिनाभराची धिरडी. तुम्ही विचारलं होतं ना कुठला बाजार? हा बाजार. मी खोटं लिहिलं होतं. तुम्ही तिकडं, हे इकडं, आणि मध्ये मी दोघांच्या आईला रोज राळ्याची पेज भरवतेय, तर काय लिहायला हवं होतं मी?

दादा म्हणतात, जिथं कैद झालेल्यांची नावं लिहून घेतात, त्या प्रत्येक कचेरीत हे पत्र दाखवीन. तुम्ही कैद व्हावं म्हणून देवाला हात जोडणारी जगात मी एकटीच वहिनी असेन. त्यांनी आणखी एक निरोप दिलाय. गाडीवाल्यांच्या दिशेनं गोळी मारायची वेळ आली, तर आभाळात मार म्हणावं. मी म्हटलं, हे काय सांगायला हवं? तर म्हणाले, लिही तू, आणि डोळे पुसत गाडीच्या चाकाला तेल घालायला गेले.

गावाच्या देवळात आता बायकांना लिहायला-वाचायला शिकवतात, दुपारी. मला काय, माझ्या वडिलांच्या औषधाच्या दुकानात खणांवरची नावं वाचत मी वाढले. पण सुयुन जाते. परवा राखेत काठीनं काय काढत होती म्हणून बघायला गेले, तर तुमचं नाव. ‘आन’ बरोबर होतं, ‘चेंग’ची एक रेघ राहिली होती. मी गुपचूप ती रेघ ओढून दिली.

या हो घरी. बाकी काही नको.

रुइलान


१५ फेब्रुवारी १९४९

वहिनी,

तुझं पत्र तीन महिन्यांनी मिळालं, चार कचेऱ्यांचे शिक्के घेऊन. दादा सुखरूप परतला का ते कळव. आईला सांभाळ.

मी बरा आहे. थोडं खरचटलंय. आमची तुकडी बर्फात वेढली गेली होती. शेवटी काय खाल्लं ते विचारू नको. लढाई संपली, आम्हाला पकडलं, आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर हातात गरम पाव दिला. आता इथले लोक म्हणतात, वाटखर्ची घ्या, दाखला घ्या, आपापल्या घरी जा.

मी घरी येणार नाही. दक्षिणेला जाऊन काहीतरी काम बघीन. वहिनी, सुयुनला तिच्या माहेरी पाठव. मी खूप विचार केलाय. मी चुकीच्या दिवशी वाकलो. तिचं लग्न लागलं त्या दुपारी मी लाकडं फोडत होतो, माझ्या मनातही काही नव्हतं. म्हणजे ते लग्न झालंच नाही. तिच्यावर कसलंही बंधन नाही. तिला चांगलं घर मिळेल. हे सगळं तिच्या वडिलांना नीट समजावून सांग, तू चांगलं बोलतेस.

आणि जोडे पाठवू नका. लागणार नाहीत.

चेंगआन


लीयुआन,
दुसऱ्या महिन्यातली तृतीया, १९४९

चेंगआन,

यापुढं भावजी नाही. मी या घरात आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि तुझं नाक मी पुसलंय, तेव्हा सरळ चेंगआन.

लाज नाही वाटत? चुकीच्या दिवशी वाकलास म्हणून लग्न झालं नाही! हे तुला चौदा महिन्यांनी सुचलं? खरं काय ते मला कळतं. तिकडं कुणीतरी भेटलीय. केस कापलेली, शहरातली. तिनं जोडे करून दिलेत, म्हणून आमचे नकोत. असंच ना? मग तसं लिही की मर्दासारखं, पंचांग कशाला मध्ये आणतोस!

तुझे दादा वर्ष संपायच्या आत आले. पायाची दोन बोटं थंडीनं काळी पडलीत, तरी तुला शोधत शोधत आले म्हणून आठ दिवस उशीर. आणि तू येणार नाहीस! आईंना मी काहीच सांगितलेलं नाही. सांगायची हिंमत नाही. त्या रोज दाराशी बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, माझा धाकटा निघालाय.

सुयुनला तुझं पत्र वाचून दाखवणार नव्हते, पण तिनंच हातातून घेतलं. बोट ठेवून ठेवून सगळं वाचलं. अडलं तिथं मला विचारलं. ‘बंधन’ तिला वाचता येत नव्हतं, ते मला सांगावं लागलं. मला वाटलं, आता रडेल. तर पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली आणि शेवटच्या ओळीवर थांबली. मग म्हणाली, “जाऊबाई, हा माणूस खोटं बोलतोय.” म्हटलं, तेच सांगतेय मी इतका वेळ! तर म्हणते, “तसं खोटं नाही.” पुढं काय म्हणाली ते तिच्याच पत्रात वाच. माझा राग अजून गेलेला नाही. पण ती म्हणते ते खरं असेल, तर मी वर लिहिलेलं सगळं खोड.

रुइलान

(याच पाकिटात, मोठ्या अक्षरात)

छू चेंगआन यांस,

मी सुयुन. मला थोडं लिहिता येतं.

दुसरी बायको असती तर तुम्ही जोड्यांचं लिहिलं नसतं. विसरला असता. बर्फातून आलेला शिपाई जोडे नको म्हणत नाही. शत्रूनं दिले तरी घेतो. जोडे लागणार नाहीत म्हणजे पायाचं काहीतरी झालंय. एक गेला की दोन्ही, ते तुम्ही लिहिलं नाही.

तुम्ही त्या दिवशी लाकडं फोडत होता. चालेल. मी वाकले तेव्हा शुद्धीत होते. एकानं तरी बरोबर दिवशी वाकायला हवं होतं, ते मी वाकले.

मी तुम्हाला विचारत नाही, सांगतेय. थोरल्या भावजींना वाट माहीत आहे. पाकिटावर गावाचा शिक्का आहे. आम्ही उद्या निघतो.

सुयुन


२४ मार्च १९४९

वहिनी,

एक पाय गेलाय. उजवा, गुडघ्याच्या खाली. आधी हे लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा. लक्षावधी लोक मेले असतील तिथं, माझा नुसता पाय गेला, हे डोक्याला कळतं. पण रंगाऱ्याचं काम सगळं उभ्यानं. पिंपापाशी दिवसभर उभं राहायचं, ओलं कापड उचलायचं. मी घरी येऊन काय करणार होतो? दादाच्या गाडीवर आणखी एक पोतं. आणि ती वीस-एकवीस वर्षांची मुलगी, जिनं मला पाहिलेलंही नाही, ती जन्मभर माझी काठी होणार. मला नाही सहन झालं ते. शिवाय मी ज्या बाजूनं लढलो, त्या बाजूनं झाडलेल्या गोळ्या दादासारख्यांना लागल्या. मी आभाळात मारल्या, वहिनी. दादाचा निरोप तेव्हा मिळालेलाही नव्हता. पण सगळ्यांनी आभाळात नाही मारल्या.

परवाची गोष्ट. आम्ही एका जुन्या देवळात आहोत, तीस खाटा. पाकीट मला मिळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी दारात एक उंच मुलगी उभी. गुडघ्यापर्यंत चिखल. ती सरळ माझ्या खाटेपाशी आली आणि विचारलं, “छू चेंगआन कुठं आहेत?”

वहिनी, मी काय केलं ऐक. मी म्हटलं, “तो? तो आज सकाळीच गेला.”

तुला मला मारावंसं वाटत असेल, मार. ती म्हणाली, “असं होय? मग बसते जरा. फार चाललेय.” आणि माझ्या नि शेजारच्या खाटेच्या मध्ये जमिनीवर बसली. शेजारी एक सचुआनचा म्हातारा शिपाई आहे, दोन्ही हातांना पट्ट्या. त्याची पेज तशीच निवत होती. तिनं वाटी उचलली आणि त्याला भरवायला लागली. तो लेकाचा माझ्याकडं बघून डोळे मिचकावतोय, आणि मी छताकडं बघत पडलोय.

भरवता भरवता ती त्याला घरचं सांगत होती. सासूबाई दाराशी बसतात. जेवायला बसलं की एक वाटी जास्त वाढतात, आणि ती कुणाला उचलू देत नाहीत. गावात रंगारी नाही, कापड रंगवायला तीस कोस जावं लागतं. मागच्या अंगणात दोन पिंपं मावतील एवढी जागा तिनं मोजून ठेवलीय. म्हातारा म्हणाला, “पण बाई, तुझ्या नवऱ्याला उभं राहता आलं नाही तर?” ती म्हणाली, “उभी मी राहीन. रंग किती कालवायचा ते बसूनही सांगता येतं.”

मी तोंडावर पांघरूण ओढलं. तीन तास ती तशीच बसून होती, वहिनी. शेवटी मला राहवेना. पांघरुणाच्या आतूनच म्हटलं, “मीच तो.”

ती म्हणाली, “माहीत आहे. आत आले तेव्हाच कळलं. थोरल्या भावजींचंच नाक आहे.”

म्हटलं, मग इतका वेळ गप्प का बसलीस?

“तुम्ही नको म्हणून लिहिलं होतं. हो म्हणायचंय की नाही, ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. मी काय, थांबायला आलेच होते. जेवलात का?”

मी लहान मुलासारखा रडलो. तिनं रडू दिलं. तेवढ्यात दादा माझ्या दाखल्यावर शिक्का मारून घेऊन आत आला, मला बघितलं, पायाकडं बघितलं, आणि म्हातारा घाबरेल इतक्या मोठ्यानं म्हणाला, “काय रे गाढवा!” मग तोही माझ्या शेजारी बसून रडला. सुयुन एकटी शहाणी. तिनं आम्हाला दोघांनाही पेज दिली.

वहिनी, मी हो म्हटलंय. परवा निघतो. आईला काय सांगायचं, कसं सांगायचं, ते तूच ठरव. मला भीती वाटते.

तुझा,
चेंगआन

(खाली, मोठ्या अक्षरात)

जाऊबाई, पत्र मी वाचलं. सगळं खरं आहे. फक्त तीन तास नाही, दोन. त्यांना जास्त वाटले. सासूबाईंना पायाचं मी सांगते, तुम्ही फक्त पाणी गरम ठेवा. माणसं तीन येताहेत.

सुयुन